मोठ्या संख्येचे मूळ अवयव कसे पाडावेत

उदाहरणाला ८,७५,३९,३१९ घेऊ. कागद, पेन्सिल आणि शाळेतल्या विभाज्यतेच्या कसोट्या पुरतात.

आधी वर्गमूळाचा अंदाज घ्या. ते ९,३५६ आणि ९,३५७ च्या मध्ये येते. म्हणजे ही पूर्ण वर्ग नाही, आणि ९,३५६ पर्यंत भाग जाणारी मूळ संख्या न मिळाल्यास ती स्वतःच मूळ ठरेल. तिथवर हजारावर मूळ संख्या आहेत, पण एवढी वेळ येत नाही. अवयव सापडेल तशी उरलेली संख्या आटत जाते.

शेवटी ९ आहे, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ४५, तेव्हा ९ ने भाग जातो: ९७,२६,५९१. याच्या अंकांची बेरीज ३९, म्हणून पुन्हा एकदा ३ ने भागा: ३२,४२,१९७. आता बेरीज २८ येते, ३ चे काम संपले.

७, ११ आणि १३ एकाच फटक्यात तपासता येतात, कारण ७ × ११ × १३ = १००१. लाख-कोटीचे स्वल्पविराम विसरा आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ३, २४२, १९७. मग १९७ − २४२ + ३ = −४२. बेचाळीसला ७ ने भाग जातो, ११ आणि १३ ने नाही. भागाकार ४,६३,१७१. हीच कसोटी पुन्हा लावली की दिसते, आणखी ७ नाही.

पुढे युक्ती नाही, सरळ भागाकार. १७, १९, २३, २९ हुकतात. ३१ ने १४,९४१ मिळतात. त्यांना ६७ ने भागले की २२३, आणि ती मूळच आहे.

म्हणजे ३³ × ७ × ३१ × ६७ × २२३. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा, ४ × २ × २ × २ × २, की विभाजकांची संख्या मिळते: ६४. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या हर्षद संख्यांत, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांत, मात्र ही बसत नाही. ४५ ने भाग जायला शेवटी ० किंवा ५ हवा.

हीच संख्या का निवडली? दोन धन घनांची बेरीज म्हणून तीन प्रकारे लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या. गणितज्ञ जॉन लीच यांनी १९५७ मध्ये शोधलेली.

१६७³ + ४३६³ = २२८³ + ४२३³ = २५५³ + ४१४³

हे माहीत असेल तर वरची निम्मी मेहनत वाचते. अ³ + ब³ ला (अ + ब) ने भाग जातोच. तीन जोड्यांच्या बेरजा करा: ६०३, ६५१, ६६९. या छोट्या संख्यांचे अवयव तोंडी पडतात: ९ × ६७, ३ × ७ × ३१, ३ × २२३. पाचही मूळ अवयव हाती आले, फक्त तिसरा ३ तेवढा शोधायचा राहिला.

रामानुजनच्या १७२९ वर (१³ + १२³ = ९³ + १०³) हेच करून पाहा. १ + १२ = १३, ९ + १० = १९, आणि १७२९ ला दोन्हींनी भागले की उरतात ७.