डेन्मार्कमध्ये ‘ए/एस’ कंपनी कशी स्थापन करावी

नावापुढे ‘ए/एस’ लावणारी डॅनिश भागभांडवली कंपनी काढायची असेल, तर किमान ४ लाख क्रोनर भांडवल लागते. मात्र ते रोख असल्यास सुरुवातीला चौथा हिस्सा, म्हणजे १ लाख, भरला तरी चालते आणि उरलेली रक्कम भागधारकांकडून येणे राहते. स्थापनापत्रावर सह्या झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत डॅनिश व्यवसाय प्राधिकरणाकडे नोंदणी करावी, म्हणजे आठ अंकी सीव्हीआर क्रमांक (कंपनीचा अधिकृत नोंदणी क्रमांक) मिळतो. खरी मेख संचालक मंडळात आहे: किमान तीन सदस्य हवेत, त्यांत कार्यकारी व्यवस्थापकांचे बहुमत चालत नाही, आणि व्यवस्थापकाला अध्यक्षही होता येत नाही. छोट्या व्यवसायाला हा डोलारा जड जातो. त्याने ‘एपीएस’, म्हणजे खासगी मर्यादित कंपनी, निवडावी, तिला २०२५ पासून २० हजार क्रोनर पुरतात.