दहा मीटरची एअर रायफल घेताना: माप, सिलिंडर आणि पेलेटचा लॉट

२०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पिस्तुलात रौप्य मिळवणारे विजय कुमार इंदूरजवळच्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये घडले. रायफल नेमबाज ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर खरगोन जिल्ह्यातला. त्यामुळे इंदूरच्या मराठी घरांतही आता मुलं-मुली रेंजवर जातात आणि दोन-तीन महिन्यांत घरी विषय निघतोच: स्वतःची रायफल कधी घ्यायची आणि कोणती? बहुतेक घरं ब्रँडपासून सुरुवात करतात. सुरुवात करायची ती अंगाच्या मापापासून. सगळ्यात चांगली रायफल खांद्याला बसत नसेल, तर ती क्लबच्या जुन्या रायफलीपेक्षा वाईट मार्क देते.

आधी कायद्याचं, कारण इथे गफलत महागात पडते. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे नळीचा व्यास ४.५ मिमीपर्यंत आणि तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दोन्ही अटी एकदमच पाळल्या गेल्या पाहिजेत. ५.५ मिमी, म्हणजे ज्याला लोक पॉइंट टू-टू म्हणतात, ती एअर रायफल कितीही कमजोर असली तरी परवान्यात येते. स्पर्धेची रायफल ०.५३ ग्रॅमचा पेलेट (शिशाचा छर्रा) सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सोडते, म्हणजे ऊर्जा जेमतेम ७.७ ज्यूल. तेव्हा मॅच रायफल मर्यादेच्या खूप आत राहते. खरेदी नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करा. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न मागता पोस्टाने पाठवतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. बिलावर रायफलीचा क्रमांक लिहून घ्या आणि बिलाची प्रत रायफलीच्या पेटीतच ठेवा, प्रवासात तीच उपयोगी पडते.

स्प्रिंग की सिलिंडर

नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल स्वस्त असते. भारतात बनलेल्या चांगल्या मिळतात आणि नेम धरायची सवय लागायला त्या वाईट नाहीत. पण सुटताना आतला जड पिस्टन पुढे धावतो, थांबतो आणि पेलेट नळीत असतानाच रायफल हलते. घट्ट आवळून धरली की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, पसरतो, कारण प्रत्येक वेळी आवळण्याचा जोर सारखा नसतो. तिला डाव्या तळहातावर नुसती टेकवावी लागते. ही सवय पुढे मॅच रायफलीवर मोडावी लागते. स्प्रिंगची रायफल पेलेटशिवाय कधीही उडवू नका. समोर हवेची गादी नसल्याने पिस्टन टोकावर आदळतो आणि सील फाटतं. नळी उघडी असताना ट्रिगरला बोट लावू नका. नळी झटक्यात मिटते आणि पेलेट भरणाऱ्या हाताची बोटं मध्ये सापडतात.

स्पर्धा खेळायची ठरलंच असेल तर सिलिंडरची, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी पीसीपी. वाल्थर, फाइनवर्कबाउ, आनशुट्झ, श्टायर या चारांत अचूकतेचा फरक नवख्याला कधीच कळणार नाही. फरक कळतो तो जुळवणीत: बट प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) किती खाली-वर जाते, चीक पीस (गाल टेकायचा भाग) किती बाजूला सरकतं, सुटे भाग आणि दुरुस्ती भारतात मिळते का. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर रेंजवरच्या सरांना विचारा. जी कंपनी रेंजवर जास्त दिसते ती घ्या. ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) फाटली की शेजारच्याच्या पेटीतून मिळते.

माप

कोपर काटकोनात वाकवा, बट प्लेट कोपराच्या आतल्या खळग्याला लावा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर पोचलं पाहिजे. हा ढोबळ अंदाज, आणि जॅकेट घालूनच घ्यायचा, कारण जॅकेटची जाडी मोजमापात येते. मग उभं राहून डोळे मिटायला सांगा, रायफल खांद्याला घ्यायला सांगा आणि डोळे उघडायला सांगा. डायॉप्टरच्या, म्हणजे मागच्या साईटच्या, भोकातून समोरचं वर्तुळ सरळ दिसलं तर बसली. मान खाली घालावी लागली तर साईटखाली राइझर ब्लॉक (साईट उंच करणारा ठोकळा) हवा. मान वाकवून पंचेचाळीस मिनिटं उभं राहणारं मूल शेवटच्या वीस शॉट्समध्ये मार्क घालवतं, आणि घरचे म्हणतात, एकाग्रता कमी पडते.

नियमाने रायफलीचं वजन जास्तीत जास्त ५.५ किलो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ४ किलोच्या आसपासची द्या, वजनं नंतर नळीवर चढवता येतात. तोल डाव्या हाताच्या थोडा पुढे असावा. तोल मागे गेला तर नळी हवेत डोलते, फार पुढे गेला तर कंबर मागे झुकते आणि पाठ धरते. वाढत्या वयात दर चार महिन्यांनी बट प्लेट आणि चीक पीसची जागा बदलावी लागते. म्हणून प्रत्येक स्केलवरचा आकडा वहीत लिहा. सियागंजात मिळणारा साधा अ‍ॅलन कीचा संच आणि पांढरा मार्कर पेन एवढ्यावर ही कामं होतात.

ट्रिगर कितीही हलका करता येतो म्हणून नवख्याला ५० ग्रॅमवर देऊ नका. बोट टेकवतानाच शॉट सुटतो आणि मूल ट्रिगरला घाबरायला लागतं. १०० ते १२० ग्रॅम ठेवा, पहिला टप्पा लांब आणि दुसऱ्याचा अडसर स्पष्ट जाणवेल असा. पिस्तुलाचं वेगळं. तिथे ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा लागतो, तपासणीत ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला लटकवून पिस्तूल उचलतात. घरी ५१० ते ५२० वर ठेवा, कारण नेमक्या ५०० वर लावलेला ट्रिगर तपासणीच्या दिवशी दगा देतो.

वापरलेली रायफल

नवी मॅच रायफल काही लाखांत जाते, त्यामुळे बरेच जण वापरलेली घेतात आणि त्यात गैर काही नाही. चांगल्या कंपनीची नळी लाखभर शॉट सहज टिकते. खरी तपासणी सिलिंडरची. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि कंपन्या बहुतेक मॅच सिलिंडरना त्या तारखेपासून १० वर्षांचं आयुष्य देतात. विकणारा रायफल २०१९ ची सांगेल आणि सिलिंडर २०१४ चा निघेल. मग नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा. मुदत संपलेला सिलिंडर दिसायला चकाचक असतो, पण ज्या गोष्टीत २०० बार दाब मुलाच्या गालाशी येतो तिथे दिसण्यावर जाऊ नये.

दुसरी तपासणी रात्रभराची. २०० बार भरून, थंड झाल्यावर आकडा लिहा आणि सकाळी पुन्हा बघा. दोन-चार बारचा फरक तापमानाचा असू शकतो, वीसचा फरक म्हणजे गळती. गळती कुठून, ते ब्रीचजवळ (जिथे पेलेट भरतात तिथे) टिश्यू पेपरची पट्टी धरून शॉट सोडला की कळतं. पट्टी हलली तर ब्रीचची ओ-रिंग गेली. ती स्वस्तात बदलते, त्यावर सौदा मोडू नका. रेग्युलेटर, म्हणजे प्रत्येक शॉटला सारखा दाब देणारा भाग, बिघडला असेल तर वेगमापक यंत्रावर कळतं. लागोपाठ दहा शॉट्समध्ये सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद यांत सेकंदाला ३ मीटरपेक्षा जास्त फरक असेल तर रेग्युलेटरचं काम निघणार. नळीच्या तोंडाची कड टॉर्चने बघा. तिथे खाच असेल तर ती रायफल घेऊ नका, भाव काहीही असो.

हवा भरताना घाई नको. भरभर भरली की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि तासाभराने १८५ वर येतो. मिनिटभर वेळ देऊन भरा. भरायची ती फक्त ओलावा गाळलेली कोरडी हवा. ऑक्सिजन कधीही नाही: दाबाखाली ऑक्सिजनला ग्रीसचा अंश लागला तरी पेट घेतो. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच, शिलाई मशीनचं तेल नव्हे. मे महिन्यात बंद गाडीत रायफल ठेवायची नाही. २५ अंशाला २०० बार असलेला सिलिंडर ६५ अंशाला २२५ च्या पुढे जातो. विमानाने जायचं असेल तर सिलिंडर काढून रिकामा करावा लागतो.

पेलेट: इथे खरे मार्क आहेत

दहा मीटर रायफलीच्या टार्गेटचा दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा आणि नवाचं वर्तुळ ५.५ मिमीचं. पेलेट स्वतःच ४.५ मिमीचा. म्हणजे रायफल आणि पेलेटच्या जोडीने शॉट दीड मिमी बाहेर नेला, तर नेम बरोबर असूनही १०.५ चा ९.९ होतो आणि मूल स्वतःलाच दोष देतं. लाखाची रायफल घेऊन पेलेट मात्र जो मिळेल तो, ही चूक सर्रास होते आणि ती बघून वाईट वाटतं.

रायफलीला ०.५३ ग्रॅम, पिस्तुलाला साधारण ०.४५ ते ०.५० ग्रॅम. डोक्याचा व्यास ४.४८ ते ४.५१ मिमीपर्यंत मिळतो: ४.४९ आणि ४.५० यांतला फरक बोटाला कळत नाही, नळीला कळतो. कोणता व्यास चालेल हे पुस्तकातून ठरत नाही, त्याच कंपनीच्या दोन रायफलीही वेगळे पेलेट मागतात. परीक्षा अशी: रायफल लाकडी जबड्याच्या शिकंज्यात किंवा वाळूच्या पिशव्यांवर पक्की बसवा, पंखा बंद करा. एका प्रकारचे पहिले वीस पेलेट मोजू नका, कारण आधीच्या पेलेटचं शिसं नळीत असतं. मग पाच-पाच शॉटचे पाच ग्रुप, प्रत्येक नव्या टार्गेटवर. ग्रुपची बाहेरून बाहेर रुंदी कॅलिपरने मोजा. पाचही ग्रुप ६.५ मिमीच्या आत राहिले तर उत्तम, ७ पर्यंत चालेल. एकच ग्रुप ५.५ आणि बाकीचे ८ आले, तर त्या एका ग्रुपवर भाळून पेलेट निवडू नका. सगळ्यात वाईट ग्रुप कोणाचा लहान, ते बघा.

जो पेलेट निघेल त्याच्या डबीवरचा लॉट क्रमांक, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या मालाचा क्रमांक, लिहून घ्या. तोच लॉट एकदम दहा-बारा डब्या घ्या. नाव तेच पण लॉट वेगळा असेल तर परीक्षा पुन्हा. डबीत ५०० पेलेट. स्पर्धेचे ६० आणि आधीचे सराव शॉट धरून दिवसाला ८० ते १०० जातात, म्हणजे आठवड्याला डबी संपते. डबी हलवत, आपटत नेऊ नका. शिसं मऊ असतं, पेलेटचा घेर चेपला की तो सरळ जात नाही. रिकाम्या जागेत स्पंजचा तुकडा घाला. पेलेट ओठांत धरायची सवय दिसली तर तिथल्या तिथे थांबवा, आणि रेंजवरून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पोह्यांच्या बशीला हात नाही. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे.

नळी दर ५०० ते १००० शॉटनंतर, फेल्टच्या दोन-तीन सुक्या गोळ्या ब्रीचकडून सोडून साफ करा. पुढून लोखंडी गज घालू नका, तोंडाची कड तिथेच खराब होते. साफ केल्यावर वीस-तीस शॉट मार्क इकडेतिकडे जातात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी साफ करायची नाही.

साईट

जर्मन डायॉप्टरवर एच (वर), टी (खाली), आर (उजवीकडे), एल (डावीकडे) अशी अक्षरं असतात. शॉट वर गेला असेल तर एचच्या दिशेला फिरवायचं, उजवीकडे गेला तर आरच्या दिशेला. म्हणजे शॉट जिथे गेला ते अक्षर. अनेक जण उलट समजतात आणि दहा क्लिक चुकीकडे जातात. एका क्लिकला शॉट किती सरकतो, हे दहा क्लिक फिरवून मोजा आणि पेटीच्या झाकणात लिहा. पुढच्या साईटची रिंग ४.० ते ४.५ मिमीपासून सुरू करा. काळं वर्तुळ ३०.५ मिमीचं, त्याभोवती पांढरा काठ ऐसपैस दिसला पाहिजे. बारीक रिंगमध्ये नेम जास्त अचूक वाटतो, पण डोळा थकतो आणि मूल शॉट धरून बसतं. आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर रायफल खाली घ्यावी.

घरी सराव

रामबाग, नारायण बागेकडच्या जुन्या घरांत दहा मीटरचा बोळ मिळतो. मागे भिंत, पुढे लोखंडी पत्रा तिरका बसवलेली पेटी, आत मातीचा किंवा प्लॅस्टिसीनचा थर. दारं आतून बंद, डोळ्यांवर चष्मा. गच्चीवर नको. पेलेट शेजारच्या गच्चीच्या पलीकडेही जातो. पक्ष्यांवर नेम तर मुळीच नको, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू होतो. खरं तर घरी पेलेटशिवायचा सराव पुरतो. पीसीपीत त्यासाठी ड्राय फायरची सोय असते. रोज वीस मिनिटं भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर.

पुढे ५० मीटरच्या काडतुसाच्या पॉइंट टू-टू रायफलीकडे जायचं झालं तर तिथे परवाना, जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज आणि यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा सरकारी ओळख क्रमांक, लागतो. परवान्यासाठी वय २१, नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी १२ वर्षांपासून देखरेखीखाली वापरता येते. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा आहे आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन बंदुका (नेमबाजांना यात सूट आहे). परदेशी व्हिडिओत काडतुसं घरी भरताना दाखवतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गंभीर गुन्हा आहे, आणि पॉइंट टू-टूचं काडतूस तसंही घरी भरता येत नाही, कारण त्याचं पेटतं द्रव्य कडेच्या आत कारखान्यातच पसरलेलं असतं. तिथेही करायचं ते हेच: पाच-सहा लॉट आणा, शिकंज्यात ५० मीटरवर परीक्षा घ्या, निघेल तो लॉट हंगामभरासाठी घेऊन ठेवा.