इंग्लंडमधल्या छोट्या क्लबांचे आणि कपचे सामने : निघण्याआधीची तयारी

प्रीमियर लीगचा सामना पाहायचा तर सगळी धडपड तिकिटासाठी असते. लीग वन, लीग टू किंवा त्याखालच्या नॉन-लीग क्लबांकडे तिकीट बहुतेक वेळा सहज मिळतं. अडतं ते दुसरीकडेच. तारीख सरकते, वेळ बदलते, मैदान गोठतं, कपचा सामना लांबतो आणि शेवटची गाडी निघून जाते. म्हणून तयारी तारीख निवडतानाच सुरू करावी लागते.

आधी रचना डोक्यात पक्की असू द्या. प्रीमियर लीगचे २० क्लब, त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू यांचे प्रत्येकी २४ (हे ७२ म्हणजे ईएफएल, नुसतं ‘लीग’), मिळून ९२. तिथून खाली सगळं नॉन-लीग : पाचव्या पायरीवर नॅशनल लीग, सहाव्यावर नॅशनल लीग नॉर्थ आणि साउथ, सातव्यापासून नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न, इस्थमियन अशा प्रादेशिक लीग. पहिल्यांदाच जाणार असाल तर उभं राहून सामना पाहण्याची टेरेस असलेलं मैदान निवडा, खरी मजा तिथे आहे. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर वरच्या दोन विभागांत प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची सक्तीची झाली, पण लीग वन आणि लीग टूमध्ये जुन्या टेरेस टिकल्या. एक्सेटर सिटीच्या मैदानावरची ‘बिग बँक’ त्यातली सर्वांत नावाजलेली, आणि रेल्वे स्टेशन मैदानाला अगदी लागून. लंडनमध्येच राहायचं असेल तर डलिच हॅम्लेट क्लबचं चॅम्पियन हिल मैदान ईस्ट डलिच स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. इतिहासाची ओढ असेल तर शेफील्डमधलं हॅलम क्लबचं सँडीगेट पाहावं. १८६० पासून तिथे फुटबॉल खेळला जातो.

तारखेचं काम सर्वांत नाजूक, त्याला वेळ द्या. लीगचं वेळापत्रक जूनच्या अखेरीस येतं आणि मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो. नेहमीची वेळ शनिवारी दुपारी ३, मंगळवारी रात्री ७:४५. मात्र टीव्हीसाठी सामने शुक्रवारी रात्री, शनिवारी १२:३० ला किंवा रविवारी हलवले जातात. जूनमधल्या यादीत शनिवार ३ दिसलं म्हणून लगेच रेल्वेचं तिकीट काढू नका. टीव्हीची निवड त्या महिन्यासाठी जाहीर झाली का, हे क्लबच्या संकेतस्थळावर आधी पाहा. पाचव्या पायरीच्या खाली हा धोका फार कमी.

दुसरा सापळा म्हणजे कप, म्हणजे बाद पद्धतीच्या स्पर्धा. एफए कपच्या पात्रता फेऱ्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत बहुतेक शनिवारीच होतात. नॅशनल लीग नॉर्थ-साउथचे क्लब दुसऱ्या पात्रता फेरीत उतरतात, नॅशनल लीगचे चौथ्या पात्रता फेरीत. तुम्ही निवडलेल्या शनिवारी दोनपैकी एकही संघ कपमध्ये टिकून असेल तर लीगचा सामना सरळ मंगळवार-बुधवारी ढकलला जातो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहिली मुख्य फेरी असते. तिथे लीग वन आणि लीग टूचे ४८ क्लब येतात, त्यांना पात्रता फेऱ्यांतून आलेले ३२ मिळतात. जानेवारीतल्या तिसऱ्या फेरीत प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिपचे ४४ क्लब उतरतात. एफए ट्रॉफी आणि एफए व्हाझ या नॉन-लीग क्लबांच्या स्पर्धाही शनिवार खातात. म्हणून एखाद्या तारखेवर बोट ठेवण्याआधी तीन गोष्टी तपासा : त्या दिवशी कोणत्या कपची फेरी आहे, यजमान त्यात आहेत का, पाहुणे त्यात आहेत का. पाहुण्यांकडे पाहायचं बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही, आणि फसगत तिथेच होते.

आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या आठवड्यात प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिप बंद असतात, खालचे विभाग चालू. लीग वन किंवा लीग टूच्या क्लबचे तीन किंवा अधिक खेळाडू आपापल्या देशांच्या संघात गेले असतील तर तो क्लब सामना पुढे ढकलण्याची मागणी करू शकतो, एवढं लक्षात असू द्या. अशाच एका शनिवारी दरवर्षी ‘नॉन-लीग डे’ साजरा होतो. तिकिटं स्वस्त होतात, मैदानं भरतात, आणि नवख्याला याहून चांगला दिवस नाही.

तिकीट नॉन-लीगमध्ये दारावर, टर्नस्टाइलपाशीच मिळतं. सातव्या-आठव्या पायरीवर साधारण १० ते १५ पौंड, लीग टूमध्ये २० पौंड आणि वर. लीगचे बरेच क्लब सामन्याच्या दिवशी दोन-तीन पौंड जास्त घेतात, म्हणून आदल्या दिवशीपर्यंत ऑनलाइन काढावं. कपचं गणित वेगळं. सीझन तिकीट कपला सहसा चालत नाही, त्यामुळे सगळं मैदान नव्यानं विकलं जातं. लीग कपच्या (वरच्या ९२ क्लबांची स्पर्धा) सुरुवातीच्या फेऱ्या आणि ईएफएल ट्रॉफीत गर्दी इतकी कमी असते की एक-दोनच स्टँड उघडतात. तिकीट स्वस्त असतं, पण नेहमीची टेरेस बंद असू शकते, ते आधी विचारून घ्या. याउलट छोट्या क्लबला तिसऱ्या फेरीच्या सोडतीत मोठा क्लब लागला की तिकीट आधी सीझन तिकीटवाल्यांना, मग सभासदांना, मग ज्यांनी आधी त्याच क्लबचं तिकीट घेतलं आहे त्यांना. म्हणजे जानेवारीच्या सामन्याची आशा असेल तर त्या क्लबचा नोव्हेंबरमधला एखादा साधा सामना आपल्या नावाच्या खात्यातून पाहून ठेवावा. एफए कपमध्ये पाहुण्या क्लबला मैदानाच्या १५ टक्क्यांपर्यंत जागा मागता येतात, तेवढ्या यजमानांच्या हातून जातात. दलालाकडून घेऊ नका. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीविना विकणं १९९४ पासून गुन्हा आहे, आणि दारावर ते तिकीट रद्द निघालं तर दाद मागायला जागा नाही.

कोणाचेच पाठीराखे नसाल तर तिकीट यजमानांच्या बाजूचं घ्या आणि पाहुण्यांच्या रंगाचा मफलर, जर्सी घरी ठेवा. यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्यांचे रंग दिसले तर मैदानावरचे कर्मचारी, म्हणजे स्टुअर्ड, बाहेर काढतात, मग तिकीट किती का महाग असेना.

मैदानाचा पत्ता पोस्टकोडवरून पाहा, क्लबच्या नावावरून नाही. ग्रिम्सबी टाऊनचं ब्लंडेल पार्क ग्रिम्सबीत नाही, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे. सेंट जेम्स पार्क म्हणून शोधलं तर नकाशा न्यूकॅसल दाखवेल. त्याच नावाची मैदानं एक्सेटरला आणि ब्रॅक्लीला आहेत. फ्लीटवुडला रेल्वे जात नाही, ब्लॅकपूलहून ट्राम घ्यावी लागते. खालच्या पायऱ्यांवर काही क्लब दुसऱ्याच गावातलं मैदान भाड्याने वापरतात आणि मोसमागणिक ते बदलतं, म्हणून जुनी माहिती धरून निघू नका.

रेल्वेचं ॲडव्हान्स तिकीट स्वस्त असतं, पण ते त्याच गाडीचं, आणि सामना रद्द झाला म्हणून पैसे परत मिळत नाहीत. गाडी सुटण्याआधी शुल्क आणि भाड्यातला फरक भरून वेळ बदलता येते, एवढंच. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जाताना ॲडव्हान्स आणि येताना ऑफ-पीक (गर्दीची वेळ सोडून कुठल्याही गाडीला चालणारं) अशी जोडी आम्ही सुचवू; येतानाची गाडी ठरलेली नसली की सामना लांबला तरी जीव टांगणीला लागत नाही. रेलकार्डने भाडं एक तृतीयांश कमी होतं, दोन-तीन लांबच्या प्रवासांत त्याची किंमत वसूल होते. रविवारी रुळांची कामं निघतात आणि अर्धा रस्ता बसने नेतात. २६ डिसेंबरला, बॉक्सिंग डेला, फुटबॉलचा भरगच्च कार्यक्रम असतो आणि रेल्वे जवळपास बंद. नाताळच्या सुट्टीत मुलांकडे आलेल्या आईबाबांना सामन्याला न्यायचं असेल तर त्या दिवशी मोटारीने जाता येईल असं जवळचंच मैदान निवडा.

सामन्याच्या सकाळी पहिलं काम : क्लबचं समाजमाध्यमावरचं खातं उघडून मैदानाची पाहणी आहे का ते बघणं. पाहणी आहे याचा अर्थ शंका आहे. पाणी साचलंय किंवा जमीन गोठलीय, आणि निर्णय रेफरीचा. छोट्या क्लबांकडे गवताखाली तापवणारी नळ्यांची यंत्रणा नसते. दुपारी तापमान वर गेलं तरी स्टँडच्या सावलीतला पट्टा कडकच राहतो, आणि तेवढ्यावर सामना रद्द होतो. लांब जायचं असेल तर पाहणीचा निकाल लागेपर्यंत घर सोडू नका. पर्यायी सामना मात्र आदल्या रात्रीच शोधून ठेवा, तोही कृत्रिम गवतावरचा. थ्रीजी मैदान थंडीपावसाला सहज दाद देत नाही. टॅमवर्थ आणि मेडस्टोन युनायटेड यांची मैदानं अशी आहेत. नॅशनल लीग आणि एफए कपमध्ये हे गवत चालतं, लीग टूपासून वर चालत नाही; २०२१ मध्ये बढती मिळाल्यावर सटन युनायटेडला आपलं थ्रीजी उखडून खरं गवत लावावं लागलं. त्यामुळे लीगच्या ७२ क्लबांत असा पर्याय शोधत बसू नका.

कपड्यांत पायांचा विचार आधी. टेरेसच्या काँक्रीटमधून थंडी तळव्यात चढते आणि दोन तास उभं राहायचं असतं. जाड तळाचे बूट, लोकरी मोजे, आत एक जादा सोल. अंगावर एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर आणि वर पावसाचं जॅकेट बरं. छत्री बऱ्याच मैदानांत आत घेऊ देत नाहीत आणि मागच्याची नजरही अडवते, टोपीच घ्या. डिसेंबर-जानेवारीत चारच्या सुमारास सूर्य मावळतो, उत्तरार्धात गारठा एकदम वाढतो. हातमोजे तेव्हासाठी.

पिशवी लहान ठेवा. लीगच्या अनेक मैदानांवर ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी चालत नाही आणि ती ठेवायला जागाही नसते. काचेची बाटली नको. फोन पूर्ण चार्ज करा, कारण तिकीट त्यातच असतं, आणि ते निघण्याआधीच फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून घ्या. दारावर गर्दीत नेटवर्क कोलमडतं. पैशांची दोन्हींकडे सोय हवी : लीगच्या मैदानांवर बरेचदा फक्त कार्ड, तर नॉन-लीगमध्ये कार्यक्रमपत्रिका, लकी ड्रॉचं तिकीट आणि चहाची टपरी यांसाठी सुटी नाणी आणि पाच-दहाच्या नोटा. छापील कार्यक्रमपत्रिका लीगमध्ये २०१८ पासून सक्तीची राहिलेली नाही. संग्रह करत असाल तर क्लब ती काढतो का ते आधी पाहा आणि आत शिरताच घ्या. कपच्या दिवशी ती सामन्याआधीच संपते.

खाण्याबाबत शाकाहारी आणि गोमांस न खाणाऱ्यांनी नीट विचारावं. बोव्हरिल हे गरम पेय दिसायला काळ्या चहासारखं असलं तरी तो गोमांसाचा अर्क आहे. चिप्सवरची ग्रेव्ही बहुधा मांसाच्या रसाची असते, आणि उत्तरेत, विशेषतः यॉर्कशरमध्ये, चिप्स कधी कधी गोमांसाच्या चरबीत तळतात. चीज-कांद्याची पाय बहुतेक ठिकाणी मिळते, पण ती थोडीच ठेवतात; मध्यंतराची वाट न पाहता चाळिसाव्या मिनिटाला टपरी गाठा. फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सच्या मैदानावर सगळंच खाणं व्हीगन असतं, तिथे प्रश्नच नाही.

बिअरचा नियम पायरीप्रमाणे बदलतो. १९८५ च्या कायद्याने वरच्या पाच पायऱ्यांवर मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. स्टँडखालच्या जागेत प्यायची आणि मग वर यायचं. सहाव्या पायरीपासून खाली ग्लास हातात घेऊन कठड्याशी उभं राहता येतं. पण एफए कपच्या पहिल्या मुख्य फेरीपासून वरचाच नियम लागतो, मैदान कितीही छोटं असो. आठवड्यापूर्वी जिथे चालत होतं तिथेच स्टुअर्ड आज अडवतो, त्याचं कारण हे. फटाके आणि धुराच्या नळ्या जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, आणि जिंकल्यावर मैदानात धावणंही.

नॉन-लीगला सव्वादोनपर्यंत पोचलं तरी चालतं, कपच्या मोठ्या दिवशी दीड. जिथे दोन्ही बाजूंचे प्रेक्षक वेगळे ठेवलेले नसतात तिथे मध्यंतराला सगळे चालत दुसऱ्या टोकाला जातात, कारण आपला संघ आता त्या गोलवर चाल करणार असतो. त्यांच्यासोबत जा. गोलमागे उभे असाल तर सरावाच्या वेळीही नजर चेंडूवर ठेवा. जाळी असतेच असं नाही, आणि हातात गरम चहा असतो.

परतीची वेळ स्पर्धेवरून मोजा. ७:४५ चा लीग सामना ९:४० च्या आसपास संपतो. लीग कपमध्ये सुरुवातीच्या फेऱ्यांत जादा वेळ नाही, बरोबरी झाली की थेट पेनल्टी. पण पेनल्टीही लांबतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रिम्सबीने मँचेस्टर युनायटेडला हरवलं ते २-२ च्या बरोबरीनंतर १२-११ ने. एफए ट्रॉफीतही थेट पेनल्टी. एफए कपमध्ये पहिल्या मुख्य फेरीपासून २०२४-२५ पासून बरोबरी झाली तरी पुन्हा सामना होत नाही, त्याच दिवशी निकाल लागतो : आधी ३० मिनिटं जादा, मग पेनल्टी. जानेवारी २०२५ मध्ये टॅमवर्थने टॉटनहॅमला ९० मिनिटं ०-० वर रोखलं आणि जादा वेळेत ३-० ने सामना गमावला. पूर्वी हाच सामना टॉटनहॅमच्या मैदानावर पुन्हा झाला असता आणि छोट्या क्लबला मोठी कमाई मिळाली असती. तुमच्या हिशेबात याचा अर्थ एवढाच की रात्री ७:४५ चा एफए कप सामना साडेदहापर्यंत जाऊ शकतो आणि शनिवारचा ३ चा पावणेसहापर्यंत. शनिवारी सव्वासहाच्या आधीची गाडी धरू नका. आठवड्यातल्या रात्री, शेवटची गाडी अकराच्या आधी सुटत असेल आणि मैदान स्टेशनपासून वीस मिनिटांहून लांब असेल, तर रद्द करता येणारी खोली आधीच राखून ठेवा. सकाळी सामना पुढे गेल्याचं कळलं तर तीही त्याच वेळी रद्द करा.