नवा पंखा घेण्याआधी मीटरचा लाल दिवा मोजा

अकोल्यात मी घरगुती वायरिंगची कामं करतो. मार्च लागला की जिथे जाईन तिथे एकच विचारणा, "भाऊ, बिल कमी याव म्हून काय घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी काही घेऊ नका, घरात आहे ते किती वीज ओढतंय ते मोजा. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही, महावितरणचा मीटर दारातच आहे.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, तो आकडा त्याच्याजवळच इंग्रजीत छापलेला असतो. आमच्याकडच्या बऱ्याच मीटरवर ३२०० आहे. तुमच्याकडे वेगळा असला तर तो धरा. छत्तीस लाखाला त्या आकड्याने भागा. ३२०० ला ११२५ येतात. हे ११२५ मीटरजवळ भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा, पुन्हा पुन्हा लागतात.

आता घरातलं सगळं बंद करा. सगळं म्हणजे फ्रिज, सेट-टॉप बॉक्स, वायफाय आणि इन्व्हर्टरसुद्धा. इन्व्हर्टर लोक हमखास विसरतात आणि तो गुपचूप बॅटरी चार्ज करत राहतो, मग हिशेब जुळत नाही. दिवा थांबला की एकच पंखा पूर्ण वेगाने लावा. एक लुकलुक दिसली की मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करा, पुढच्या दहा मोजा, दहावीला थांबवा. आलेल्या सेकंदांना दहाने भागा आणि जे येईल त्याने ११२५ ला भागा. हे झाले वॅट. दीडशे सेकंद लागले तर एका लुकलुकीला पंधरा, म्हणजे पंखा ७५ वॅट खातोय. सव्वाशे सेकंदांतच दहा झाल्या, तर तो ९० खातोय. वारंवार रिवाइंडिंग केलेले जुने पंखे असे निघतात.

सगळं बंद करूनही दिवा लुकलुकतच राहिला, तर मेन स्विच पाडा. थांबला तर गळती घरात आहे: ओल धरलेली भिंत, कातडं गेलेली वायर, किंवा कुणी जोडून घेतलेला फाटा. तरीही थांबला नाही तर मीटर तपासणीचा अर्ज द्या. हे निस्तरल्याशिवाय कोणतंही नवं यंत्र घेण्यात अर्थ नाही.

बिलाचा एक भाग नीट समजून घ्या. महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिटपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यावर असे आहेत, आणि प्रत्येक टप्प्याचा दर आधीच्यापेक्षा चढा. वाचलेला युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातून कमी होतो. त्याच्यासोबत त्याचा वहन आकार (वीज तुमच्यापर्यंत वाहून आणण्याचा, युनिटमागे लागणारा आकार) आणि १६ टक्के वीज शुल्कही जातं. म्हणून बचतीचा हिशेब सरासरी दराने करू नका.

आता पंखा. माझं ठाम मत आहे की आमच्या भागात पैसे घालायची पहिली जागा हीच. कारण पंखा वॅटने लहान असला तरी तासांनी मोठा आहे. ७५ वॅटचा पंखा रोज पंधरा तास चालला तर महिन्याला साधारण ३४ युनिट होतात. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा पंखा पूर्ण वेगाला ३० वॅटच्या आसपास घेतो, त्याचे होतात साडेतेरा. एका पंख्यामागे २० युनिट. युनिटला सगळे आकार धरून दहाच रुपये पकडले तरी महिन्याला दोनशे रुपये झाले. अडीच-तीन हजारांचा पंखा असे बारा ते पंधरा महिने चालला की पैसे फेडतो. शिवाय भारनियमनात इन्व्हर्टरची तीच बॅटरी कितीतरी जास्त वेळ पुरते, आणि मे महिन्यात ४५ अंशांत याचं मोल काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको.

पण डोळे झाकून घेऊ नका. आधी बघा, तुम्हाला नवा पंखा वीज वाचवायला हवाय की वारा लागत नाही म्हणून? वारा कमी झालेला पंखा बहुतेक वेळा कंडेन्सर उतरल्यामुळे मंदावलेला असतो. २.५ मायक्रोफॅरडचा तो कंडेन्सर किरकोळ पैशांत मिळतो आणि दहा मिनिटांत बदलतो. फक्त वाऱ्यासाठी तीन हजार घालवू नका.

बीएलडीसी घेताना खोक्यावर दोन आकडे वाचा, वॅट आणि एअर डिलिव्हरी, म्हणजे पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा फेकतो. १२०० मिलिमीटरच्या पंख्याला २२० च्या आसपास एअर डिलिव्हरी हवी. कमी वॅट दाखवण्यासाठी वारा कमी केलेला पंखा आमच्या उन्हाळ्यात कामाचा नाही. १ जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनवर स्टार लेबल सक्तीचं आहे, तेव्हा लेबल नसलेला पंखा स्वस्तात दिला तरी परत करा. या पंख्यात एक इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं आणि व्होल्टेज वरखाली झालं की सगळ्यात आधी तेच जातं. म्हणून दुकानदाराला दर नंतर विचारा, आधी विचारा की कार्ड गावात मिळतं का आणि वॉरंटी किती वर्षांची. बसवताना जुना रेग्युलेटर मधून काढायला लावा. तो ठेवून पंखा जोडला तर कार्डावर ताण येतो आणि वॉरंटीचाही वाद होतो. वेग भिंतीवरच्या बटणानेही बदलता येणारं मॉडेल मिळालं तर तेच घ्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रिमोट शोधत बसावं लागत नाही.

कूलरला मी अजूनही एसीच्या वर ठेवतो, पाऊस पडेपर्यंत. मोटर आणि पंप मिळून दोनशे वॅटच्या आसपास. दीड टनाचा एसी भर दुपारी त्याच्या सहा-सातपट घेतो. मात्र कूलरला समोरची खिडकी उघडी लागते, आणि ताट्या (पाण्याने भिजणाऱ्या गवताच्या जाळ्या) दर वर्षी बदला. क्षार धरलेल्या ताटीतून हवा येत नाही, नुसती मोटर फिरते. आणि हात जोडून सांगतो, लोखंडी कूलरला अर्थिंग आणि घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय कूलर लावू नका. विदर्भात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी उन्हाळ्यात वाचायला मिळतेच, आणि बहुतेकदा पाणी भरताना स्विच चालू राहिलेला असतो. पाणी भरायच्या आधी प्लग काढा, स्विचवर विसंबू नका.

एसी घ्यायचाच असेल तर लेबलवरचे वर्षाचे युनिट वाचा. ते १६०० तासांच्या वापरासाठी असतात, म्हणून १६०० ने भागलं की तासाची सरासरी मिळते. ती ४३ अंशांपर्यंतच्या हवेवर काढलेली आहे. अकोल्यात त्याहून जास्त धरा. लेबलवर ते कोणत्या मुदतीचं आहे तेही छापलेलं असतं. निकष मधून मधून कडक होतात, त्यामुळे जुन्या मालावरचे पाच तारे आजच्या पाचाइतके नसतात. तापमान २४-२५ ठेवून सोबत पंखा लावा.

गिझरबद्दल थोडक्यात. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला ०.६ युनिट लागतोच, कंपनी कोणतीही असो. दोन किलोवॅटच्या गिझरला अठरा-वीस मिनिटं. त्याहून आधी बटण दाबून ठेवू नका.

आणि तो प्लगमध्ये लावायचा 'पॉवर सेव्हर' डबा. बिल निम्मं होईल असं सांगून तो दारोदार विकला जातो. मी असे डबे उघडून पाहिले आहेत. आत एक कपॅसिटर, म्हणजे पंख्यातल्यासारखाच कंडेन्सर, आणि एक हिरवा एलईडी असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) सुधारतो हे खरं, पण घरगुती मीटर प्रत्यक्ष खर्च झालेले युनिट मोजतो, पॉवर फॅक्टरचे पैसे घरगुती बिलात लागतच नाहीत. कुणी आणलाच तर त्याच्यासमोर तुमचा पंखा लावा, आणि डबा लावून व काढून लाल दिव्याच्या दहा लुकलुकी मोजा. सेकंद तेवढेच येतील.

छतावर सोलर बसवायचं असेल तर हे सगळं आधी करा. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅट महिन्याला शंभर ते एकशेवीस युनिट देतं. तीन पंखे बदलून उन्हाळ्यात महिन्याचे साठ युनिट कमी झाले, तर अर्धा किलोवॅट पॅनल तिथेच वाचलं. एजंट तुमच्या जुन्या बिलांवरूनच क्षमता सांगणार, म्हणून पंखे बदलून एक उन्हाळा जाऊ द्या. मग बिलावर छापलेला मागच्या महिन्यांचा वापर घेऊन बसा आणि किती किलोवॅट हवं ते ठरवा.