उंदराच्या चापावर धावणारी गाडी: पहिल्यांदा बनवणाऱ्यांसाठी

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असताना महाविद्यालयातील एका स्पर्धेसाठी मी उंदीर मारण्याच्या चापावर चालणारी गाडी घरीच तयार केली होती. बॅटरी नाही, मोटर नाही. चापाच्या स्प्रिंगमध्ये जेवढी ऊर्जा साठेल तेवढ्यावर जी गाडी सर्वांत लांब जाईल ती जिंकणार, एवढाच नियम होता. वेगाची स्पर्धा असती तर रचना निराळी करावी लागली असती, म्हणून गाडी लांब न्यायची आहे की लवकर पोहोचवायची आहे, हे सामान घेण्याआधीच ठरवावे.

नागपूरच्या इतवारीतील हार्डवेअरच्या दुकानात सापळा मागितला तेव्हा दुकानदाराने पहिला प्रश्न केला, "धरायचा पाहिजे का मारायचा?" आपल्याला मारायचा, म्हणजे लाकडी पाटीवर स्प्रिंग आणि तारेची चौकट असलेला चाप हवा असतो. दोन चाप घ्यावेत, कारण एकाच खोक्यातल्या दोन चापांच्या स्प्रिंगाही सारख्या जोराच्या निघत नाहीत. घरी आणताच आमिषाची कडी आणि अडकवण्याची काडी पक्कडीने काढून टाकावी. बोट सापडण्याचे निम्मे प्रसंग तिथेच टळतात.

चौकट अर्धे वर्तुळ फिरते आणि सारी ऊर्जा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपवते. ती सावकाश खर्च व्हावी म्हणून चौकटीला लांब दांडा जोडतात, दांड्याच्या टोकाला दोरा बांधतात आणि तो मागच्या आसावर, म्हणजे चाके जोडणाऱ्या दांडीवर, गुंडाळतात. मी सायकलच्या चाकाची तार दांडा म्हणून वापरली. चौकटीच्या फिरण्याच्या जागेपासून टोकापर्यंत २८ सेंटीमीटर भरल्यामुळे दोरा सुमारे ५६ सेंटीमीटर ओढला जाणार होता. चाके सीडीची, म्हणजे १२ सेंटीमीटर व्यासाची आणि सुमारे ३७.७ सेंटीमीटर परिघाची. (मावशीच्या लग्नाच्या दोन सीडी यात कामी आल्या, हे तिला अजून माहीत नाही.)

आता आस जितका बारीक तितके चाकाचे फेरे जास्त, हे कागदावर कळताच मला हाव सुटली. सायकलचीच २ मिलिमीटरची तार आस म्हणून बसवली. हिशेबाने केवळ दोऱ्याच्या ओढीवर गाडी साडेतेहतीस मीटर जायला हवी होती. प्रत्यक्षात ती जागची हललीच नाही, कारण अंतर वाढते त्याच प्रमाणात चाकाला मिळणारा जोर घटतो आणि तो घर्षणाला पुरा पडत नाही. आसाच्या मधोमध कागदी चिकटपट्टीचे वेढे देऊन जाडी ५ मिलिमीटर केली, तेव्हा गाडी निघाली. या जाडीला ओढीचे अंतर साडेतेरा मीटरच्या आसपास येते आणि पुढे गाडी आपल्या वेगाने घरंगळते. नवख्याने जाड आसापासून सुरुवात करून एकेक वेढा उलगडत जावे, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

माझा सर्वाधिक वेळ मात्र चाकांनी खाल्ला. सीडीचे भोक १५ मिलिमीटरचे असते, त्यात तार मध्यावरच बसली पाहिजे. मी नळाची रबरी वायसरे किंचित मोठी घेतली, पॉलिश पेपरवर फिरवत घासून भोकात घट्ट दाबून बसवली आणि त्यांच्या मध्यातून तार काढली. भोक केसभर जरी बाजूला गेले तरी चाक लंगडते. आस स्ट्रॉमधून घेतला तर तो डुगडुगत होता, म्हणून जाड रिफिलचे तुकडे आतली शाई स्पिरिटने धुऊन वापरले. गाडी उचलून चाकाला बोटाने फिरकी द्यावी: माझे चाक आधी चार सेकंदांत थांबत असे, नंतर वीस सेकंदांहून अधिक फिरू लागले. सांगाड्यासाठी घेतलेला सनबोर्ड दोऱ्याच्या ताणाने वाकून आस तिरपा होई. त्याजागी शाळेतल्या दोन लाकडी फूटपट्ट्या लावल्या. सीडी गुळगुळीत फरशीवर घसरू नये म्हणून कडेला फुग्याच्या रबराची पट्टी चढवली.

दोरा चांभाराकडचा मेण लावलेला घ्यावा. तंगूस ताणली जाते आणि तिचे वेढे निसटतात. तो आसाला गाठ मारून बांधू नये. टोकाला फास करून आसावर चिकटवलेल्या टाचणीच्या तुकड्यात नुसता अडकवावा, म्हणजे वेढे संपताच तो सुटतो. माझ्या पहिल्या गाडीत गाठ होती, त्यामुळे दोरा उलटा गुंडाळला जाऊन धावती गाडी स्वतःलाच ब्रेक लावत असे.

नागपूरकरांसाठी एक वेगळी सूचना. एप्रिलमधल्या दुपारी गच्चीवर चाचणी घेताना ग्लू गनने जोडलेला चाप तापून सैल झाला आणि दांड्याने ओढताच पाटीसकट उखडला. चाप दोन स्क्रूंनी बसवावा आणि चाचण्या घरातल्या फरशीवर, सकाळी घ्याव्यात. दांडा ओढताना चेहरा बाजूला ठेवावा, कारण सुटलेली तार छडीसारखी बसते.

स्पर्धेच्या दिवशी गाडी स्कूटीच्या पायदानावर ठेवून नेली, सीताबर्डीच्या गर्दीत पिशवी गुडघ्याखाली दबली आणि आस वाकला. पहिल्या फेरीत गाडी नऊ मीटरवर भिंतीला धडकली. तार सरळ करून दुसऱ्या फेरीत सतरा मीटर मिळाले. तेव्हापासून मी गाडी बुटाच्या खोक्यात, चारी बाजूंनी वर्तमानपत्र कोंबून आणि चाप न ताणता नेतो. आसाची एक जादा तारही सोबत असते.