दवाखान्याचा खर्च कमी करायचाय? मग या चुका टाळा

दवाखान्याचा खर्च वाढला की कात्री आधी बिलांवर चालते. कापूस हलक्या प्रतीचा येतो, रिसेप्शनवरच्या दोघींपैकी एकीला निरोप मिळतो, हातमोजे मोजून दिले जातात. महिनाअखेरीला आकडा थोडा खाली येतो आणि तीनेक महिन्यांत मुकाट्याने जागेवर परततो. ज्याचं बिल येतं तो खर्च डोळ्यांना दिसतो, ज्याचं येत नाही तो कुणी मोजत नाही. छोट्या प्रॅक्टिसला पोखरतो तो हा दुसरा.

मला ते एका कोऱ्या कागदाने दाखवलं. पेशंट समोर बसलेला असताना खुर्चीतून उठावं लागलं की एक रेघ मारायची, असं एका सकाळी ठरवलं. कान तपासायचा ओटोस्कोप चार्जिंगला शेजारच्या खोलीत, जाड दंडाचा बीपी कफ सिस्टरकडे, रेफरलचे फॉर्म रिसेप्शनच्या खणात, प्रिंटर दाराबाहेर. ओपीडी संपेपर्यंत ३१ रेघा झाल्या. एका फेरीला मिनिटभर धरलं तरी अर्धा तास माझा चालण्यात गेला होता, आणि तेवढ्यात तीन-चार पेशंट सहज झाले असते. त्या आठवड्यात प्रिंटर टेबलाशेजारी आला आणि कफ एक जास्तीचा घेतला. हिशेबाच्या वहीत त्या महिन्याचा खर्च वाढलेला दिसतो, हे खरं.

गोल आकड्यांचं वेळापत्रक

दर दहा मिनिटांना एक नंबर द्यायचा, कारण दहा लक्षात ठेवायला सोपा. प्रत्यक्षात टाके काढायला चार मिनिटं पुरतात आणि नव्याने मधुमेह निघालेल्या माणसाला पंचवीसही अपुरी पडतात. दोन आठवडे प्रत्येक पेशंट आत कधी गेला, बाहेर कधी आला, एवढंच लिहून ठेवा. मग फॉलोअप, नवीन पेशंट आणि ड्रेसिंग यांचे तीन वेगळे स्लॉट आपोआप समोर येतात. त्यासाठी फोनवर नंबर देणारीने एकच प्रश्न विचारायला हवा, "कशासाठी दाखवायचंय?" हा प्रश्न विचारायला तिला संकोच वाटतो, म्हणून तो कसा विचारायचा हे एकदा शिकवा.

याहून मोठी चूक म्हणजे वेळापत्रक ठासून भरणं. एकही मिनिट वाया जाऊ नये असं वाटतं आणि तिथेच गाडी अडते. रांगेचं गणित डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ मध्ये टेलिफोनच्या जाळ्यासाठी मांडायला घेतलं. ते आपल्याही दाराशी लागू पडतं. पेशंट कधीही येतात आणि प्रत्येकाला कमी-जास्त वेळ लागतो असं धरा. डॉक्टरचा ८० टक्के वेळ भरलेला असेल तर सरासरी थांबावं लागतं ते एका तपासणीच्या चौपट. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना १९ पट. अपॉइंटमेंटमुळे येणं थोडं शिस्तीत येतं, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे कमी भरतील, पण चढण अशीच अंगावर येते. शेवटच्या पाच-दहा टक्क्यांची हाव धरली की थांबलेली माणसं चिडतात, रिसेप्शनचा दिवस समजूत घालण्यात जातो आणि डॉक्टर घाईत तपासतात. सकाळच्या आणि संध्याकाळच्या पाळीत एकेक स्लॉट मुद्दाम रिकामा सोडा. तो रिकामा राहत नाहीच, अचानक ताप चढलेलं एखादं मूल येतंच.

ओपीडीच्या सुरुवातीबद्दल ब्रिटनमधले संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी १९५२ मध्ये सुचवलेला उपाय आजही कामाचा आहे. पहिल्या वेळेला दोन पेशंट बोलवायचे आणि पुढच्यांना सरासरी तपासणीच्या अंतराने. पहिल्याला उशीर झाला तरी डॉक्टर बसून राहत नाहीत आणि रांगही फुगत नाही. अट एकच, डॉक्टरांनी स्वतः वेळेवर यायचं. या अटीवर बऱ्याच ठिकाणी गाडं अडतं आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला मिळतो.

काहीजण न कळवता येत नाहीत म्हणून एका वेळेला सरसकट दोघांना नंबर देण्याची खोड मात्र सोडा. आदल्या दिवशी आठवणीचा मेसेज पाठवा आणि रद्द करणं सोपं ठेवा. रद्द करायला तीनदा फोन लावावा लागत असेल तर माणूस तो लावत नाही, आणि येतही नाही.

फ्रिज

यात माझे हात पोळलेत, म्हणून जरा सविस्तर. नव्या जागेत गेले तेव्हा लशींसाठी छोटा, आतच बर्फाचा कप्पा असलेला घरगुती फ्रिज घेतला. वैद्यकीय फ्रिजच्या किमतीत दोन येतील इतका स्वस्त. काही आठवड्यांनी सिस्टरने मागच्या बाजूचा एक खोका काढला तो ओला आणि कडक. आतल्या व्हायल, म्हणजे लशीच्या बाटल्या, गोठून गेल्या होत्या. कधीपासून, ते सांगायला काही साधन नव्हतं, म्हणून सगळाच साठा टाकावा लागला. वाचवलेले पैसे दुपटीने गेले.

बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या असतात. उष्णतेची धास्ती सगळ्यांनाच असते, गोठण्याची फार थोड्यांना. हेपॅटायटिस बी किंवा डीपीटीसारख्या ज्या लशींमध्ये अॅल्युमिनियमचे क्षार असतात, त्या एकदा गोठल्या की निकामी होतात. वितळल्यावर त्या वरवर पाहता नेहमीसारख्याच दिसू शकतात, खरा धोका तिथे आहे. तेव्हा बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला खोके टेकवू नका आणि दारात लस ठेवू नका, कारण दार उघडताच तिथलं तापमान चढतं. कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर आत ठेवा आणि दिवसातून दोनदा आकडे लिहून सही करा. फ्रिजच्या प्लगवर "काढू नये" अशी चिठ्ठी चिकटवा. हसू येईल, पण मोबाइल चार्ज करायला तो प्लग कुणीतरी काढतंच.

स्कीमचा मोह

दहावर एक फुकट म्हणून वर्षभराचं घेऊन ठेवलेलं इंजेक्शन शेवटी एक्स्पायरी झालं की फुकटाची किंमत कळते. साठा लावताना आधी आलेला पुढे ठेवायची सवय असते. पुढे हवा तो ज्याची मुदत आधी संपते, कारण नंतर आलेल्या खोक्याची मुदत कधीकधी आधी संपणारी असते. अनेक डोस असलेली मल्टिडोस व्हायल उघडली की उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर २८ दिवसांनी ती टाकायची, हा सर्वसाधारण दंडक. लशींचे नियम याहून कडक असू शकतात. काही लशी पातळ केल्यावर सहा तासांतच टाकाव्या लागतात, म्हणून त्या उघडायच्या दिवशी मुलं एकत्र बोलवा.

रोज लागणाऱ्या वस्तूंना सॉफ्टवेअरही लागत नाही. गॉज, सिरिंज, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, प्रत्येकाचे दोन डबे ठेवा. पहिला संपला की त्यातलं कार्ड रिसेप्शनला जातं आणि ऑर्डर लागते, तोवर दुसरा डबा चालतो. मागवलं होतं की नाही, यावरचे वाद बंद होतात.

जिथे कात्री चालवायचीच नाही

एकदा वापरायची सिरिंज पुन्हा वापरणं, फक्त सुई बदलणं, वाफेने उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची वेळ कमी करणं, त्यातली रंग बदलणारी इंडिकेटर टेप न लावणं. यात बचत मुळीच नाही. एका पेशंटला संसर्ग झाला तर काय होतं, ते लिहायची गरज नाही.

कचऱ्यात मात्र पैसे खरोखर वाचतात आणि त्याकडे कुणी पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार आरोग्यसेवेतला सुमारे ८५ टक्के कचरा साधा असतो, धोकादायक फक्त १५ टक्के. पण खोक्यांचे पुठ्ठे आणि हात पुसलेले कागद रक्ताळलेल्या बोळ्यांच्या पिशवीत पडले की ते सगळंच धोकादायक म्हणून, महाग दराने न्यावं लागतं. माणसं हाताशी असलेल्या बादलीत टाकतात. म्हणून प्रत्येक खोलीत साधी बादली दाराशी आणि संसर्गजन्य कचऱ्याची ड्रेसिंगच्या टेबलाशी ठेवा. सुयांचा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा.

लक्षण एक, मूळ दुसरीकडे

बाहेर गर्दी आणि डॉक्टर मोकळे, असं दिसलं तर अडलंय नोंदणीच्या टेबलावर. तिथे एकच बाई फोन, पैसे आणि केसपेपर सांभाळत असते. सकाळ वेळेवर जाते आणि दुपारनंतर सगळं घसरतं, तेव्हा एखादी लांबलचक तपासणी छोट्या स्लॉटमध्ये बसवलेली असते. एकच माहिती आधी कागदावर आणि मग संगणकात चढत असेल तर सॉफ्टवेअरचा खर्च दुप्पट झालेला आहे, त्यातलं एक बंद करा. आणि बॅकअप घेतोय असं सांगणाऱ्याला तो एकदा उघडून दाखवायला सांगा.

फोन सतत वाजत असेल तर नवा माणूस घेण्याआधी आठवडाभर प्रत्येक फोनच्या कारणापुढे टिक करा. आमच्याकडे सर्वांत लांब रांग "रिपोर्ट आला का?" या प्रश्नापुढे लागली होती. आता रक्त घेतानाच पावतीवर लिहून देतो, "रिपोर्ट परवा संध्याकाळी सहानंतर, आम्हीच कळवू", आणि कळवतो. दुसरा माणूस अजून घ्यावा लागलेला नाही.