कॉपीराइटची ओळ फाइलमध्ये नेमकी कुठे लिहावी

कॉपीराइटची सूचना लिहिली नाही म्हणून हक्क बुडत नाही. 1957 च्या भारतीय कायद्यानुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृतीच मानली जाते आणि त्यासाठी सूचनेची किंवा नोंदणीची अट नाही. तरीही ती ओळ लिहावी, कारण एखादी फाइल रिपॉझिटरीतून, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यातून, सुटी उचलून दुसऱ्या प्रकल्पात टाकली की मुळाशी ठेवलेली लायसन्सची फाइल सहसा मागेच राहते. म्हणून प्रत्येक फाइलच्या आरंभी, कॉमेंटमध्ये, वर्ष आणि मालकाचे नाव लिहावे व त्याखालच्या ओळीत लायसन्सची एसपीडीएक्स खूण, म्हणजे लायसन्स ओळखण्याचा ठरावीक छोटा संकेत, द्यावी.

आरंभी म्हणजे पहिल्याच ओळीत, असे मात्र नव्हे. शेल किंवा पायथन स्क्रिप्टमध्ये इंटरप्रिटरचा (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामचा) मार्ग सांगणारी, हॅश आणि उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ पहिलीच असावी लागते. एक्सएमएल फाइलच्या पहिल्या, आवृत्ती सांगणाऱ्या घोषणेआधी तर कॉमेंटही चालत नाही. पीएचपीचा धडा मला अंधेरीच्या एका ग्राहकाच्या कामात मिळाला. सूचना मी सुरुवातीच्या पीएचपी टॅगच्या वर, एचटीएमएल कॉमेंट म्हणून लिहिली होती. माझ्या मशीनवर आउटपुट बफरिंग, म्हणजे मजकूर लगेच न पाठवता साठवून ठेवण्याची सोय, चालू असल्याने काही बिघडले नाही, पण सर्व्हरवर ती कॉमेंट हेडरच्या (पानाआधी जाणाऱ्या माहितीच्या) आधीच ब्राउझरकडे रवाना झाली, सेशन सुरू होईना आणि लॉगिन बंद पडले. ओळ टॅगच्या आत सरकवण्यापुरतेच काम होते. कारण सापडेपर्यंत विरारची शेवटची लोकल गेली होती.

जावास्क्रिप्ट मिनिफाय करताना, म्हणजे फाइल लहान करण्यासाठी अनावश्यक भाग काढताना, कॉमेंट गळतात. स्लॅश आणि ताऱ्याला लागूनच उद्गारचिन्ह दिले, तर बहुतेक साधने ती कॉमेंट राखतात. जेसन या डेटा लिहिण्याच्या स्वरूपात कॉमेंटची सोयच नाही, तेव्हा शेजारी त्याच नावाला ‘डॉट लायसन्स’ जोडून वेगळी फाइल ठेवावी.

नाव कोणाचे, हा प्रश्न जागेपेक्षा नाजूक आहे. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालक कंपनीचा असतो. फ्रीलान्सरचा हक्क मात्र बिल चुकते झाले म्हणून आपोआप ग्राहकाकडे जात नाही, त्यासाठी सहीचा लेखी करार लागतो. तो होईपर्यंत आपलेच नाव ठेवावे.

दुसऱ्याच्या फाइलमध्ये भर घातली असेल, तर त्याची ओळ पुसू नये, त्याचे वर्षही बदलू नये. आपली ओळ तिच्याखाली लिहावी. एमआयटी या मुक्त कोडच्या प्रचलित लायसन्सची मुख्य अटच मूळ सूचना प्रतींत कायम ठेवण्याची आहे.